व्यायामशास्त्राची पदवी, वर्षभरानंतर: गॅस अॅनालायझर, पिशवी आणि कॅलिब्रेशन

स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायन्सला प्रवेश घेण्याआधी विषयांची यादी सगळेच वाचतात, त्यामुळे ती इथे पुन्हा देत बसत नाही. वर्ष संपत आलंय. ऐन व्हीओटू मॅक्सच्या, म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते मोजायच्या प्रॅक्टिकलच्या तोंडावर आमच्या प्रयोगशाळेतला गॅस अॅनालायझर, म्हणजे श्वासातल्या हवेत ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड किती ते मोजणारं मशीन, बंद पडला, म्हणून हे लिहायला घेतलं. हा अभ्यासक्रम मला खरा कळला तो त्या बिघाडामुळे.

बिघाड तसा साधा. ऑक्सिजन मोजणारा सेल संपला होता. या प्रकारच्या सेलमध्ये रासायनिक क्रिया सतत चालू असते, त्यामुळे मशीन वापरा नाहीतर झाकून ठेवा, तो कधी ना कधी संपतोच. कंपनीचं उत्तर मात्र असं, की सेल सुटा मिळणार नाही, पूर्ण मॉड्यूल घ्या. त्याआधी आमचा माणूस येऊन बघेल आणि त्याच्या भेटीचे पैसे वेगळे. आमच्या लॅब असिस्टंटनी मशीनचा नंबर, कॅलिब्रेशनचे (माहीत असलेल्या मापाशी मशीन ताडून बघण्याचे) आकडे, पडद्यावरच्या एररचा फोटो, सगळं पाठवलं. तरी दर वेळी फोनवर नवा माणूस आणि प्रश्न पहिल्यापासून. भाग संपणारा आहे हे विकतानाच माहीत असतं, मग तो सुटा न देणं हे लुबाडणंच आहे. विद्यार्थ्यांच्या फीमधून चालणाऱ्या प्रयोगशाळेशी असं वागणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

प्रॅक्टिकल पुढे ढकलता येत नव्हतं. मग मॅडमनी कपाटातून डग्लस बॅगा, म्हणजे सोडलेला श्वास गोळा करायच्या मोठ्या पिशव्या, काढल्या. क्लॉड डग्लस यांनी १९११ मध्ये ही पद्धत मांडली आणि १९२३ मध्ये ए. व्ही. हिल व हार्टली लुप्टन यांनी ऑक्सिजन घेण्याच्या क्षमतेला वरची मर्यादा असते हे दाखवलं तेही अशाच पिशव्या वापरून. आम्ही ते पुस्तकात वाचून परीक्षेत लिहिलं होतं. आता पिशवी हातात होती. आतली उरलेली हवा काढायला अंथरुणासारखी घट्ट गुंडाळायची, तोटी बंद करायची. पळणाऱ्याच्या नाकाला चिमटा, तोंडात माउथपीस, हनुवटीवरून लाळ गळतेय, आणि शेजारी उभं राहून त्याचा श्वास पूर्ण सुटल्याच्या क्षणीच तोटी पिशवीकडे फिरवायची. मिनिटाने पुन्हा तसंच बंद. पिशवीतली हवा तपासायला शेजारच्या खोलीतला जुना अॅनालायझर होता. तो पॅरामॅग्नेटिक, म्हणजे चुंबकीय क्षेत्राकडे ऑक्सिजन ओढला जातो या गुणावर चालणारा. त्यात संपणारा सेलच नसतो! नवीन मशीन घेताना हा विचार कुणी केला नाही याचं मला अजून वाईट वाटतं.

एका मुलीचे आकडे देते, कारण सगळी गंमत त्यातच आहे. वजन ६० किलो. शेवटच्या मिनिटात पिशवीत ७९ लीटर हवा. खोलीत २५ अंश सेल्सिअस, दाब ७६० मिलिमीटर. पिशवीतली हवा कोमट आणि ओलसर, म्हणून ती आधी ० अंश, कोरडी, प्रमाण दाबाची करून घ्यायची. गुणक सुमारे ०.८८७, म्हणजे उरली ७० लीटर. ही एक पायरी गाळली तर उत्तर बारा-तेरा टक्क्यांनी फुगतं. उच्छ्वासात ऑक्सिजन १७.० टक्के, कार्बन डायऑक्साइड ४.० टक्के, बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के. आत किती हवा गेली हे तर मोजलेलंच नाही. ते काढायचं नायट्रोजनवरून, कारण शरीर तो वापरत नाही, जेवढा आत गेला तेवढाच बाहेर येतो. याला हाल्डेन रूपांतर म्हणतात. उत्तर आलं मिनिटाला २.७४ लीटर, किलोमागे ४५.७ मिलिलीटर.

आता अॅनालायझरने १७.० ऐवजी १७.१ दाखवलं असतं तर? तेच गणित पुन्हा केलं की उत्तर ४४.२ च्या आसपास येतं. ऑक्सिजनचा आकडा ०.१ ने हलला आणि निकाल तीन टक्क्यांहून जास्त घसरला. मुलगी तीच, फुप्फुसं तीच, पळाली तेवढीच. मुरलेल्या धावपटूची एका हंगामातली वाढ याहून मोठी असेलच असं नाही. म्हणजे कॅलिब्रेशन न करता चाचणी घेतली तर प्रशिक्षकाच्या हातात पडलेली 'सुधारणा' ही सेलची करामतही असू शकते.

या एका दशांशाने मला झपाटलंय. तेव्हापासून प्रत्येक चाचणीआधी ठरलेल्या मिश्रणाच्या सिलिंडरवरून अॅनालायझर तपासणं आणि ३ लीटरच्या सिरिंजने हवेचं माप तपासणं मी दुसऱ्या कुणावर सोडत नाही. सिरिंजचा दट्ट्या कधी हळू, कधी जोरात ढकलायचा, कारण पळणारा माणूसही एका वेगाने श्वास घेत नाही. कंटाळवाणं काम आहे, गटातले बाकीचे तोवर शूज बांधत असतात, पण पदवीतलं सगळ्यात मोलाचं काम मला हेच वाटतं.

इथपर्यंतचं मशीन बंद असताना लिहिलं होतं आणि त्यात 'पिशवी असताना मशीन हवंच कशाला' असा सूर होता. आता मशीन दुरुस्त होऊन आलंय आणि तो सूर सोडावा लागतोय. पिशवी मिनिटाची सरासरी देते. मशीन श्वासागणिक आकडे देतं. हलक्या वेगाने पळायला लागल्यावर ऑक्सिजनचा वापर एकदम वर न जाता दोन-तीन मिनिटांत चढत स्थिरावतो, हा चढ पिशवीत दिसत नाही. वेग वाढवत नेल्यावर ज्या टप्प्याला श्वसन ऑक्सिजनच्या मानाने जास्त वाढायला लागतं, तो टप्पाही एकेका मिनिटाच्या ठिपक्यांतून नेमका पकडता येत नाही. मशीन पाहिजेच. मात्र पहिल्या वर्षी पिशवी आधी, मशीन नंतर, असा क्रम असावा. आमच्याकडे तो अपघाताने झाला.

संख्याशास्त्राबद्दलचं मतही बदललं. पहिल्या सत्रात ते मला गळ्यात मारलेलं ओझं वाटायचं. मग पिशवीचे आणि मशीनचे आकडे शेजारी ठेवले. सहसंबंध (एक आकडा वाढला की दुसराही तसाच वाढतो का, याचं माप) झकास आला, पण मशीन जवळपास दर वेळी थोडं वरच दाखवत होतं. सहसंबंध चांगला म्हणजे दोन मापं जुळतात असं नाही. दोन्हींतला फरक त्यांच्या सरासरीसमोर मांडून बघायची ब्लँड आणि ऑल्टमन यांची १९८६ ची पद्धत तेव्हा खऱ्या अर्थाने डोक्यात शिरली.

बाकी विषयांचं थोडक्यात. मानसशास्त्र छान शिकवलं. बायोमेकॅनिक्समध्ये, म्हणजे शरीराच्या हालचाली मोजायच्या विषयात, हाडांचे उंचवटे बोटांनी चाचपून हालचाल टिपायचे मार्कर चिकटवण्यात अख्खी दुपार जाते, आणि ती जायलाच हवी. पोषणाचा भाग घाईत उरकला.

खरेदीबद्दल खूप जण विचारतात. मनगटावरचं महागडं घड्याळ या पदवीसाठी घेऊ नका. छोट्या, जोरदार इंटरव्हलमध्ये हृदयाचे ठोके मोजणारा त्याचा प्रकाशावर चालणारा सेन्सर बऱ्याचदा मागे पडतो; छातीच्या पट्ट्याचा भरवसा जास्त, आणि तो विभागात मिळतो. त्यातून अशा घड्याळात कमाल ठोक्यांसाठी बऱ्याचदा २२० वजा वय हेच सूत्र असतं. १९७१ च्या एका आढाव्यात वेगवेगळ्या अभ्यासांच्या ठिपक्यांमधून ओढलेल्या रेषेवरून ते आलं, खास त्यासाठी केलेल्या प्रयोगातून नाही. २००१ चं तनाका यांचं सूत्र, २०८ वजा वयाच्या ०.७ पट, साठीच्या माणसाला १६० ऐवजी १६६ देतं. आणि दोन्हींत एकेका माणसामागे दहा-दहा ठोक्यांचा फरक सहज पडतो. शरीरक्रियाशास्त्राचं जुन्या आवृत्तीचं पुस्तक, साधा कॅल्क्युलेटर आणि स्टॉपवॉच एवढ्यावर माझं वर्ष निघालं.

प्रवेश घेण्याआधी प्रयोगशाळा दाखवतात तेव्हा चकचकीत ट्रेडमिलचे फोटो काढत बसू नका. एका मशीनमागे किती विद्यार्थी असतात ते विचारा. कॅलिब्रेशन विद्यार्थी करतात की आधीच करून ठेवलेलं असतं, ते विचारा. कच्चे आकडे हातात देतात की नुसता छापील रिपोर्ट, तेही विचारा. आणि मशीन बंद पडलं तर त्या आठवड्यात काय करता, याचं उत्तर लॅब असिस्टंटकडून घ्या, माहितीपत्रकातून नको.