जन्मजात झडपदोष: धातूची झडप, जैविक झडप की रॉस?

हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी जन्मतः दोनच पाकळ्या असतात, असं शंभरांत एक-दोघांच्या बाबतीत घडतं. बहुतेकांना वर्षानुवर्षं पत्ता लागत नाही. काहींची झडप मात्र ऐन तारुण्यातच अरुंद होते किंवा गळू लागते, आणि मग निवड करावी लागते.

सर्वांत आधी विचारा, आहे तीच झडप वाचेल का? लहान मुलाची अरुंद झडप मांडीतून नळी घालून फुग्याने उघडता येते. इलाज कायमचा नसतो, पण मूल वाढेपर्यंतची वर्षं मिळतात. गळती फार असेल तर फुगा उपयोगाचा नाही.

बदलायचीच झाली, तर धातूची झडप टिकायला सर्वांत भक्कम. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची भारतीय झडप १९९० पासून वापरात आहे. पण रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर, रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते आणि आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहावं लागतं. गोव्यातल्या सत्तरी किंवा काणकोण तालुक्याच्या आतल्या गावातून हे नियमित जमेल का, याचा घरात खरा हिशेब करा. हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व गोळीचा जोर कमी करतं. भाजी सोडायची नाही, पण पावसाळ्यात रोज तायकिळा (टाकळ्याची भाजी) आणि एरवी पानही नाही, असं चालत नाही.

मुलगी असेल तर हा प्रश्न आणखी गंभीर. वारफरिनमुळे, म्हणजे याच रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे, गर्भात व्यंग येऊ शकतं आणि गोळी थांबवली तर झडपेवर गुठळी होऊ शकते. म्हणून मूल हवं असलेल्या तरुणीसाठी मला जैविक झडप, म्हणजे प्राण्याच्या ऊतीपासून बनवलेली, जास्त योग्य वाटते; तिला सहसा जन्मभराची गोळी लागत नाही. पण ती तरुण वयात लवकर कडक होते. दुसरी शस्त्रक्रिया होणार, हे धरूनच चालायचं.

रॉस शस्त्रक्रियेत रुग्णाचीच फुप्फुसधमनीची झडप महाधमनीत बसवतात आणि तिच्या जागी दान मिळालेली झडप. १९६७ पासूनची ही पद्धत. महाधमनीत बसवलेली झडप मुलासोबत वाढते, जन्मभराची गोळीही टळते. मात्र दोष एका झडपेत असताना हात दोन झडपांना लागतो.

खर्चासाठी गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड घेऊन बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) चौकशी करा. रॉस सुचवली, तर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना थेट विचारा: या वयाच्या किती रुग्णांवर तुम्ही स्वतः ती केलीत? आकडा लहान असेल तर गोव्याबाहेर दुसरं मत घ्या.