विळी, लोहाराची सुरी की शेफ नाइफ? घरच्या स्वयंपाकासाठी नेमकं काय घ्यावं

आधी माझं मत सांगते, कारणं मागून येतील. ज्या घरात ओट्यापाशी उभ्यानं स्वयंपाक होतो आणि मटण खाटकाकडूनच तुकडे करून येतं, त्या घरानं स्टेनलेस स्टीलची सात-आठ इंची शेफ नाइफ आणि सोबत एक छोटी सुरी घ्यावी. घरात विळी असेल तर ती मोडीत घालू नये. लोहाराकडची सुरी घ्यायची तर वापरली की लगेच पुसून ठेवणारं माणूस घरात हवं. महागडी जपानी सुरी आपल्याकडच्या, म्हणजे मराठवाड्यातल्या बहुतेक घरांना लागत नाही. सिरॅमिकची तर नकोच.

तुलना करायची तर कामावरून करावी. लातूर-धाराशिवकडची येळवसेची, म्हणजे वेळा अमावस्येच्या सणाची भज्जी घ्या. तुरीचे, हरभऱ्याचे, पावट्याचे ओले दाणे सोलून झाले की पुढे मेथीच्या जुड्या, कांद्याची पात, गाजरं, वांगी असा ढीग पडतो, आणि सगळं पहाटेच्या आत चिरून व्हायला हवं. इथे विळीला तोड नाही. जुडी दोन्ही हातांनी घट्ट धरायची, पात्यावर रेटायची, चिरलेला पाला थेट परातीत. बोर्ड लागत नाही आणि चिरलेलं उचलून टाकायचा वेगळा खटाटोप नाही. काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, फोडतानाही तसंच. पाटावर पाय दाबून बसलं की अंगाचा भार वरून देता येतो, आणि पातं जागचं हलत नाही. सुरीनं काशीफळ फोडताना पातं अर्ध्यात अडकतं आणि ते ओढून काढताना हात घसरतो. घरात हाताला सुरी लागून जखम होते ती बहुतेक अशाच वेळी.

पण तीच विळी घेऊन कांदा-टोमॅटोची एकसारखी बारीक कोशिंबीर करून बघा. हात बसलेली बाई करेल, नव्या माणसाला ते जमायला वर्षं जातात. शिवाय मांडी घालून बसायचं, उठायचं, यात गुडघ्यांचा प्रश्न येतो. रांगतं मूल असलेल्या घरात उभं पातं ही खरी काळजी आहे, म्हणून विळी घ्यायची झाली तर पातं आडवं मिटणारीच घ्या. ओट्याला स्क्रूनं आवळायच्या किंवा रबराच्या पायांवर चिकटवायच्या विळ्याही मिळतात. गवार, भेंडी, दोडका यांना त्या ठीक आहेत. काशीफळासारखं जड काम आलं की डगमगतात, म्हणजे विळीचा मुख्य फायदाच जातो. पुढच्या खोवणीसाठी जास्त पैसे देण्यात आपल्याकडे फारसा अर्थ नाही. आपल्या भाज्यांत शेंगदाण्याचं कूट, कारळं आणि सुकं खोबरं असतं, ओला नारळ क्वचितच फुटतो.

शेफ नाइफ नेमकी उलट. बारीक चिरायला, उभ्यानं काम करायला, लसूण ठेचायला, चिरलेलं पात्यावरच उचलून कढईत टाकायला ती सोयीची. पात्याचं टोक बोर्डावर टेकवून मागचा भाग वर-खाली करायला आठ-पंधरा दिवसांत जमतं. लांबी सात-आठ इंच बरी. सहा इंचीनं कोबीचा गड्डा नीट फुटत नाही, दहा इंची आपल्या ओट्यावर आणि आपल्या बोर्डावर मावत नाही.

लोखंड, स्टेनलेस आणि फार कडक पोलाद

गावाबाहेर पाल टाकून भट्टी पेटवणारे घिसाडी, आठवडी बाजारात बसणारे लोहार, माळेगावच्या यात्रेसारख्या जत्रा, इथे मिळणाऱ्या सुऱ्या-विळे बहुतेक ट्रकच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून घडवलेले असतात. ते पोलाद चांगलंच असतं, त्यात कार्बन साधारण ०.५ ते ०.६ टक्के. सगळा खेळ पाणी देण्यात आहे. पातं लालबुंद झालं की फक्त धारेकडची बाजू पाण्यात बुडवतात, बाहेर काढून दगडावर घासून चकचकीत करतात आणि बघत राहतात. पाठीत राहिलेली धग हळूहळू धारेकडे उतरते आणि पोलादावर फिकट पिवळा, वाळक्या कडब्यासारखा रंग चढतो. त्या क्षणी पुन्हा पाणी. रंग निळा होईपर्यंत थांबलं तर धार मऊ पडते, पिवळा येण्याआधीच गार केलं तर पातं ठिसूळ राहतं. हे ज्याला साधतं त्या लोहाराची सुरी दुकानातल्या कुठल्याही स्वस्त सुरीला मागं टाकते. धार पटकन लागते आणि ती घरच्या दगडावर लागते.

तिच्या दोन अडचणी. पहिली म्हणजे गंज. लोखंडी पात्यावर अंबाडी, चुका, कैरी, लिंबू कापलं की पातं काळं पडतं आणि भाजीलाही लोखंडी चव लागते. वापरून वापरून पात्यावर करडा थर धरतो तो चांगला, त्यानं गंज अडतो. तांबूस गंज मात्र लगेच घासून काढायचा. ठेवताना तेलाचा हात लावतात, पण तेल करडईचं नको. हे तेल वाळून चिकट होतं आणि पात्यावर त्याचा पापुद्रा बसतो. खोबरेल तेलाचे दोन थेंब पुरतात. दुसरी अडचण जाडीची. कमानीचा पाटा मुळातच जाड, त्यामुळे अशी सुरी गाजर कापत नाही, तडकवते. घेताना पाठीकडून बघा. पाठ जाड असली तरी चालेल, पण धारेकडे येताना पातं पाचरीसारखं न राहता खरोखर पातळ झालेलं हवं. लोहार समोर असेल तर अजून पातळ करून द्या म्हणावं, तो करून देतो.

स्टेनलेस म्हणजे निदान साडेदहा टक्के क्रोमियम असलेलं पोलाद. ते गंजत नाही असं नाही, उशिरा गंजतं. मिठाच्या खरकट्यात रात्रभर सिंकमध्ये पडलेल्या सुरीवर बारीक खड्डे पडतात. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यानं जे पांढुरके डाग येतात ते मात्र क्षाराचे असतात, लिंबाच्या फोडीनं निघतात. त्यासाठी सुरी बदलायची गरज नाही.

स्टेनलेसमध्येही फार फरक असतो. पाकिटावर नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ असेल आणि पोलादाचा प्रकार किंवा रॉकवेल कडकपणा (पोलाद किती कडक ते सांगणारा आकडा) लिहिलेला नसेल तर ते मऊ पोलाद धरून चाला. जर्मन-स्विस पद्धतीच्या चांगल्या सुऱ्यांवर बऱ्याचदा एक्स ५० सीआर एमओव्ही १५ असं लिहिलेलं असतं. म्हणजे कार्बन अर्धा टक्का, क्रोमियम सुमारे १५ टक्के. त्यांचा कडकपणा रॉकवेलवर ५५ ते ५७ च्या आसपास येतो. जपानी व्हीजी-१० मध्ये कार्बन जवळपास एक टक्का आणि कडकपणा ६० च्या घरात. कागदावर जपानी सुरी सरस दिसते आणि एका अर्थानं आहेच, तिची धार खूप जास्त दिवस टिकते. पण कडक पोलाद वाकत नाही, तुकडा उडतो. आता आपल्या घरात सुरीला काय काय सोसावं लागतं ते आठवा. गुळाची ढेप फोडायची, खारीक कापायची, काशीफळाचं देठ उडवायचं, कैरीची कोय चुकून मध्ये येते, फ्रिजरमधलं गोठलेलं काहीतरी कोणीतरी घाईत कापतं. ५६ ची धार अशा वेळी थोडी वळते आणि धार सरळ करायच्या पोलादी सळईवर चार हात मारले की सरळ होते. ६० ची धार उडाली की तेवढा भाग दगडावर घासून घालवावा लागतो. सुरी एकाच माणसाच्या हातात राहणार असेल आणि ढेपेला बत्ता, कैरीला अडकित्ता ठरलेला असेल तर जपानी जरूर घ्या, कापण्याचा आनंद मोठा आहे. घरातले चार हात तीच सुरी उचलणार असतील तर नको.

पात्यावर लाटांची नक्षी असलेल्या ‘दमास्कस’ सुऱ्या हल्ली खूप दिसतात. मुशीत वितळवलेल्या ज्या पोलादाला ती नैसर्गिक नक्षी यायची, ते नांदेडच्या शेजारच्या निजामाबाद जिल्ह्यात, कोनसमुद्रमला तयार व्हायचं आणि इराणी व्यापारी ते विकत घ्यायला तिथवर यायचे. आपल्या उंबऱ्याशी असलेली ही कारागिरी गेली याचं मला मनापासून वाईट वाटतं. आजच्या सुऱ्यांवरची नक्षी वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून आणलेली असते, आणि स्वस्त सुऱ्यांवर तर नुसती लेझरनं छापलेली. कापण्याशी तिचा संबंध नाही, तिच्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

सिरॅमिकची सुरी झिर्कोनियाची असते. धार खूप टिकते, गंज नाही, फळांना उत्तम. पण फरशीवर पडली की संपली, आणि गेलेली धार घरी लावता येत नाही, हिऱ्याच्या चकतीशिवाय ती घासलीच जात नाही. दातेरी सुरी पावाला आणि पिकल्या टोमॅटोला बरी, कांदा मात्र फाटतो.

दुकानात हातात घेऊन

मूठ ओल्या हातानं धरून बघा, दुकानदार नाही म्हणत नाही. शोभेच्या लाकडी मुठीपेक्षा खरखरीत प्लास्टिकची मूठ ओल्या, तेलकट हातात जास्त भरवशाची. व्हिक्टोरिनॉक्स ही १८८४ साली सुरू झालेली स्विस कंपनी तशी साध्या मुठीची, पत्र्यातून कापलेल्या पातळ पात्याची शेफ नाइफ करते. दिसायला काहीच नाही, पण घरच्या कामाला मला तीच सगळ्यात पटते. घडवलेली सुरी नेहमी कापलेल्या पात्यापेक्षा चांगली, हा समज धरू नका. रोजच्या भाजीला पातळ पातं जड पात्यापेक्षा बरं. लाकडी मूठ घेतलीच तर पातं मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं आहे का आणि खिळ्यांपाशी फट नाही ना, हे नखानं चाचपून बघा. फटीत पाणी शिरलं की मूठ कुजते.

आणि बोर्डाचं बजेट वेगळं काढा. कडप्प्याच्या नाहीतर ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात थेट कापलं तर दोन हजारांची सुरी आठवड्यात चाळीस रुपयांच्या सुरीसारखी होते. काचेचा बोर्डही त्यातलाच. लाकडाचा किंवा साध्या प्लास्टिकचा घ्या.

धार कोण लावणार, हेही घेण्याआधीच ठरवा. सायकलवर चाक फिरवणारा धारवाला दारात येतो. विळीला, लोहाराच्या सुरीला तो चांगला. पण पातळ पातं कोरड्या फिरत्या दगडावर तापतं, धारेजवळ निळसर होतं आणि तिथला कडकपणा जातो. चांगल्या सुरीसाठी १००० ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगड किती बारीक ते सांगणारा आकडा) दगड घरी आणा, तो पाण्यानं ओला ठेवा आणि पातं साधारण वीस अंशांत तिरकं धरून दोन्ही बाजूंनी घासा. एका बाजूनं घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बोटाला हलकी खरखर लागते. ती धारेच्या पूर्ण लांबीत लागली की बाजू बदलायची. पिकलेल्या टोमॅटोवर सुरी नुसती ठेवून, दाब न देता ओढली आणि साल कापली गेली की काम झालं.

लातूरला किंवा संभाजीनगरला खोली करून शिकायला राहणाऱ्या पोरांना यातलं फार काही लागत नाही. चार इंची साधी सरळ धारेची स्टेनलेस सुरी आणि प्लास्टिकचा छोटा बोर्ड, दोन्ही मिळून दोन-तीनशे रुपयांत येतं. कांदा, टोमॅटो, बटाटा, मिरची एवढ्यावर वर्ष निघतं. धार गेली तर चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी खरखरीत कड असते तिच्यावर पातं दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा ओढायचं, तात्पुरती चांगली धार येते.