कंपाउंडची लादी: बदाम रॉक्सना चालेल, नुसती खायला नको

दिवाळीच्या डब्यांसाठी घरी चॉकलेटं करायची म्हटलं की पाय आपोआप क्रॉफर्ड मार्केटकडे वळतात आणि पिशवीत येते ती डार्क कंपाउंडची, म्हणजे चॉकलेटसारख्याच दिसणाऱ्या पर्यायाची, लादी. मुंबईच्या दमट हवेत ही निवड शहाणपणाची, पण चवीच्या फार अपेक्षा ठेवू नयेत. तिच्यात कोको बटरच्या (कोकोच्या बियांतल्या फॅटच्या) जागी दुसरं वनस्पती फॅट असतं, म्हणून टेम्परिंगची, म्हणजे ठरावीक अंशांवर गार-गरम करून चॉकलेट कडक आणि चकचकीत करण्याची, कटकट नाही. मात्र कोको बटर तोंडाच्या उबेनं जसं विरघळतं तसं हे विरघळत नाही, टाळूला मेणचट थर राहतो. भरपूर सुकामेवा घातला की तो जाणवेनासा होतो.

रॉक्ससाठी, म्हणजे चॉकलेटात घोळवलेल्या बदामांच्या ओबडधोबड गोळ्यांसाठी, २०० ग्रॅम लादीला १०० ते १२० ग्रॅम बदामाचे काप घ्यावेत. काप मंद आचेवर गुलाबी भाजून पूर्ण गार करायचे. कोमट काप घातले तर रॉक्स पसरट होतात, कच्चे घातले तर दुसऱ्याच दिवशी मऊ लागतात. मिल्क कंपाउंड एकटं फार गोड. दोन भाग डार्क, एक भाग मिल्क हे मिश्रण जमतं. एवढ्यात साधारण २५ रॉक्स होतात. बदाम परवडत नसतील तर भाजून सोललेले शेंगदाणे आणि चिमूटभर मीठ घाला. खरं तर डार्कबरोबर तेच जास्त खुलतात.

लादी बारीक चिरून डबल बॉयलरवर वितळवा. खालचं पाणी उकळू नये, वरच्या भांड्याला लागूही नये. ४५ अंशांच्या आसपास पुरे. पाण्याचा एक थेंब पडला तरी चॉकलेट दाणेदार होऊन गोळा होतं. ते मग साच्यात जात नाही, गरम दूध घालून सॉस करावा. ओला चमचा आणि वाफ हे दोनच खरे शत्रू. नुसतं घट्ट वाटत असेल तर चमचाभर वास नसलेलं तेल घाला, दूध कधीच नाही.

चव सुधारावी म्हणून लादीत कोको बटरवालं खरं चॉकलेट मिसळायची युक्ती पुष्कळजण सांगतात. ती ऐकू नका. पामच्या बीमधल्या गरापासून केलेलं फॅट, जे बऱ्याच कंपाउंडांत असतं, आणि कोको बटर एकमेकांशी जुळत नाहीत. चॉकलेट मऊ राहतं आणि काही दिवसांत वर पांढुरके डाग येतात. खरं चॉकलेटच हवं असेल तर ते वेगळं टेम्पर करा: डार्क ४५ ते ५० अंशांवर वितळवून २७-२८ वर आणायचं, पुन्हा ३१-३२ पर्यंत तापवायचं. थर्मामीटर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

घेताना पाकिटामागची घटकांची यादी वाचा, कारण कंपाउंड आणि खरं चॉकलेट, दोन्हींच्या लाद्या दिसायला सारख्याच. दुकानातच पांढुरकी झालेली लादी खराब नसते, उन्हाळ्यात फॅट वर आलेलं असतं. वितळवली की ठीक होते. बोटानं चोळल्यावर डाग खरखरीत लागला तर मात्र ओल लागून साखर वर आलेली असते. ती लादी परत ठेवा.

साचे फ्रिजमध्ये १०-१५ मिनिटंच ठेवायचे. तयार चॉकलेटं फ्रिजमध्ये ठेवलीत तर हवाबंद डब्यात, आणि डबा बाहेर काढल्यावर तासभर उघडू नका, नाहीतर दव धरून सगळी चिकट होतात.