नहपानाचं नाणं घ्यावं की रुद्रसेनाचं?

क्षत्रपांच्या, म्हणजे पश्चिम भारतातल्या शक राजांच्या, चांदीच्या नाण्यांपासून संग्रह सुरू करायचा, तर पहिली निवड बहुधा या दोघांत होते. दोन्ही नाणी जेमतेम दोन ग्रॅमची, बोटाच्या नखाएवढी.

नहपानाच्या नाण्यावर एका बाजूला राजाचा चेहरा, दुसरीकडे बाण आणि वज्र. लेख ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी अशा तीन लिप्यांत. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभीला अशी तेरा हजारांहून जास्त नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारला होता: चेहऱ्यावर तीन कमानींचा डोंगर, मागे उज्जैन चिन्ह, म्हणजे टोकांना वर्तुळं असलेली फुली. हरलेल्या राजाचं नाक जिंकणाऱ्याच्या डोंगराखालून डोकावतं! असा दुहेरी ठसा मिळाला तर मी एकेरी ठशाचं नाणं घेणार नाही. लेख मात्र एकमेकांत घुसलेले, नवख्याला वाचताना घाम फुटतो.

तिसऱ्या शतकातल्या दुसऱ्या रुद्रसेनाचं नाणं शिकायला बरं. ब्राह्मी लेखात राजासोबत बापाचंही नाव, आणि डोक्यामागे शक वर्ष. त्यात ७८ मिळवले की इसवी सन. अडचण एवढीच, की ठसा सरकला तर नेमके आकडेच कडेबाहेर जातात. म्हणून चेहऱ्यापेक्षा आकडे बघून पैसे मोजावेत.

कडेला साच्याची शिवण किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले, तर नाणं ओतलेलं, नकली असू शकतं; दोन्ही बाबतीत हात आखडता घ्या. आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार ही नाणी पुरावस्तू आहेत. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून पाठवता येणार नाहीत.