झेडएक्स स्पेक्ट्रम ४८के: खरं मशीन सुधारून घ्यावं की इम्युलेटरवर भागवावं? आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिने दोन्ही सेटअप एकाच टेबलावर होते. एकीकडे इश्यू ३ बोर्डचं (म्हणजे बोर्डाची तिसरी आवृत्ती) १९८३ च्या आसपासचं ४८के स्पेक्ट्रम, म्हणजे सिंक्लेअरचा ४८ केबी मेमरीचा जुना घरगुती संगणक, नवा रेग्युलेटर, कॉम्पोझिट व्हिडिओ आणि डिव्हएमएमसी कार्डासह (एसडी कार्डावरून गेम चालवणारं जोडकार्ड). दुसरीकडे रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर फ्यूज इम्युलेटर, म्हणजे स्पेक्ट्रमची नक्कल करणारा प्रोग्राम. दोन्हींना टीव्ही एकच. आधी निकाल सांगतो: 'इम्युलेटरवर ती मजा नाही' ही तक्रार बहुतेक वेळा इम्युलेटरची नसतेच, टीव्हीच्या ६० हर्ट्झची असते. ती दूर केल्याशिवाय सोल्डरिंग आयर्न गरम करू नका.

हिशेब सोपा आहे. ४८के मशीनचा झेड८०ए प्रोसेसर ३.५ मेगाहर्ट्झवर चालतो आणि एका फ्रेमला ६९,८८८ टी-स्टेट (प्रोसेसरच्या घड्याळाचे ठोके) लागतात. भागाकार केला की सेकंदाला ५०.०८ फ्रेम येतात. रास्पबेरी पाय ६० हर्ट्झवर असेल तर काही फ्रेम दोनदा दाखवाव्या लागतात आणि आडवं स्क्रोलिंग लंगडतं. डोळ्याला नेमकं कळत नाही, पण खेळताना खटकत राहतं. म्हणून आउटपुट आधी ५० हर्ट्झवर आणा. पायच्या जुन्या फर्मवेअरच्या कॉन्फिग फाइलमध्ये एचडीएमआय ग्रुप १, मोड १९ दिला की ७२०पी ५० हर्ट्झ मिळतं. मोड ३१ म्हणजे १०८०पी ५०. नव्या सिस्टिममध्ये हेच काम कर्नलच्या कमांड लाइनमध्ये व्हिडिओ मोड लिहून होतं. मग टीव्हीवर गेम मोड चालू करा आणि चित्र 'सुधारणारे' सगळे पर्याय बंद करा. यानंतरही ५०.०८ आणि ५० मध्ये फरक उरतोच, म्हणजे साधारण साडेबारा सेकंदांनी एक फ्रेम गळते. तेवढं चालून जातं. चालत नसेल तर मिस्टर एफपीजीएवर (जुन्या मशीनचं हार्डवेअर चिपमध्येच उभं करणारं यंत्र) व्हीसिंक अ‍ॅडजस्ट २ ठेवा. तो मूळ दरानेच चित्र सोडतो, मात्र काही टीव्ही हा दर घेतच नाहीत आणि काळी स्क्रीन दाखवतात.

फ्यूजमध्ये आणखी तीन गोष्टी पाहा. मशीन ४८के निवडा, १२८ नको. १२८ ची घड्याळगती ३.५४६९ मेगाहर्ट्झ आणि फ्रेम ७०,९०८ टी-स्टेटची असते, त्यामुळे टी-स्टेट मोजून लिहिलेले बॉर्डरचे इफेक्ट सरकतात. एखाद्या जुन्या गेममध्ये कीबोर्डच प्रतिसाद देत नसेल, तर 'इश्यू २' कीबोर्डचा पर्याय चालू करून पाहा. सुरुवातीच्या बोर्डांवर ईअर पोर्टचा (कॅसेटचा आवाज आत घेणाऱ्या जॅकचा) बिट वेगळा वाचला जायचा आणि काही प्रोग्राम त्यावरच विसंबून होते. तिसरी गोष्ट सवयीची: लॅपटॉपवर शिफ्ट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि कंट्रोल म्हणजे सिम्बल शिफ्ट. म्हणून कॅसेट लोड करायची 'लोड' आज्ञा देताना आधी जे, मग कंट्रोल धरून पी दोनदा.

एवढं केल्यावर नुसते गेम खेळायचे असतील तर इम्युलेटर पुरतो. १६३८४ ते ३२७६७ या मेमरीच्या पत्त्यांवर यूएलए (चित्र तयार करणारी चिप) झेड८० ला थांबवून ठेवते ती भानगड, फ्लोटिंग बस (रिकामं पोर्ट वाचताना यूएलएचा डेटा दिसणं), बीपरचं संगीत, हे सगळं फ्यूज व्यवस्थित सांभाळतो.

मग खऱ्या मशीनवर पैसे कशाला घालायचे? कीबोर्डसाठी, मागच्या एज कनेक्टरसाठी (जिथे जोडकार्डं लागतात) आणि खऱ्या कॅसेटसाठी. यातलं काहीच नको असेल तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

सुरुवात वीजपुरवठ्यापासून. जॅक ९ व्होल्टचा, मधली पिन निगेटिव्ह. बाजारातले बहुतेक अडॅप्टर मधली पिन पॉझिटिव्हवाले असतात. लेबलावर नुसतं '९ व्होल्ट' वाचून लावला की सहसा पहिला बळी टीआर४ ट्रान्झिस्टरचा जातो. मूळ अडॅप्टर १.४ अँपियरचा आणि अनरेग्युलेटेड आहे, लोड नसताना बरंच जास्त व्होल्टेज देतो. आतला ७८०५ रेग्युलेटर वरचं सगळं व्होल्टेज उष्णतेत घालवतो: ९ चे ५ करताना दर अँपियरमागे ४ वॉट. म्हणून तो अ‍ॅल्युमिनियमचा मोठा पत्रा. ७८०५ काढून त्या जागी तीन पिनांचा १ अँपियरचा स्विचिंग रेग्युलेटर लावा (ट्रॅकोचा टीएसआर १-२४५० चपखल बसतो) आणि ९ व्होल्ट २ अँपियरचा रेग्युलेटेड अडॅप्टर घ्या. आठ महिन्यांत सगळ्यात पैसा वसूल झालेला बदल हाच. शेजारची यूएलए उष्णतेनेच मरते आणि तिच्या जागी जुनी चालू यूएलए मिळवणं सोपं नाही.

इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर सगळे बदला. पोलॅरिटी लावताना काही बोर्डांवरच्या छापील खुणेवर विश्वास ठेवू नका. खूण चुकीची असू शकते. काढण्याआधी फोटो घ्या आणि सर्किटशी पडताळा.

आता रॅम. खालच्या १६के साठी ४११६ चे आठ आयसी आहेत आणि त्यांना तीन व्होल्टेज लागतात: पिन १ वर उणे ५, पिन ८ वर १२, पिन ९ वर ५. टीआर४, टीआर५ आणि कॉइल मिळून हे १२ आणि उणे ५ तयार करतात. उणे ५ गेलं आणि १२ राहिलं की ४११६ जळतात. ४११६ शॉर्ट झाला की टीआर४ जातो. नुसता टीआर४ बदलून मशीन चालू केलं तर नवाही त्याच क्षणी जातो, आणि इथेच बहुतेक लोक फसतात. म्हणून आधी वीज बंद ठेवून पिन १ आणि पिन ८ ग्राउंडशी शॉर्ट आहेत का ते मल्टीमीटरने पाहा, शॉर्ट आयसी शोधून काढा आणि मगच ट्रान्झिस्टर लावा. झेडटीएक्स६५० न मिळाल्यास झेडटीएक्स६५१ चालतो.

४११६ ऐवजी ४१६४ बसवता येतो आणि त्याला एकटं ५ व्होल्ट पुरतं. मात्र ४१६४ ला पिन ८ वर ५ व्होल्ट लागतं, १२ नव्हे. त्याची पिन ९ ही अ‍ॅड्रेस लाइन आहे, ती एका पातळीवर कायम बांधावी लागते. पिन ८ चा मार्ग वळवायला विसरलात तर आठही आयसी गेले. आणि १२ व्होल्टचं सर्किट यानंतरही जिवंतच ठेवावं लागतं, कारण रंग तयार करणारा एलएम१८८९ त्यावर चालतो. निरोगी ४११६ ना हात लावू नये, हे माझं मत.

वरची ३२के रॅम जिवंत आहे का ते पाहायला बेसिकमध्ये २३७३२ च्या पीकमध्ये (पीक म्हणजे मेमरीच्या त्या पत्त्यावरचा आकडा वाचणारी आज्ञा) २३७३३ चा पीक गुणिले २५६ मिळवून प्रिंट करा. उत्तर ६५५३५ आलं तर ४८के पूर्ण. ३२७६७ आलं तर मशीन १६के समजून चालू झालं आहे.

व्हिडिओचं काम अर्ध्या तासाचं. मॉड्युलेटरकडे (टीव्हीच्या अँटेनासाठी सिग्नल बनवणारी डबी) दोन तारा जातात, एक ५ व्होल्टची आणि एक व्हिडिओची. ५ व्होल्टची तोडा, डबीच्या आत आरसीए सॉकेटला जोडलेला रेझिस्टर काढा आणि व्हिडिओची तार थेट मधल्या टोकाला लावा. चित्र येतं, पण ते ३१२ ओळींचं, इंटरलेस नसलेलं असतं. काही नव्या एलईडी टीव्हींना ते पचत नाही. शक्यतो जुना सीआरटी जपून ठेवा. त्यावर खरोखरच वेगळं दिसतं, आणि इथे इम्युलेटर हरतो.

डिव्हएमएमसी ही मोठी सोय आहे: एसडी कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करायचं आणि ईएसएक्सडॉसचे (या कार्डाच्या सिस्टिम सॉफ्टवेअरचे) सिस आणि बिन हे फोल्डर कार्डाच्या मुळाशी, कुठल्याही फोल्डरच्या आत नव्हे, टाकायचे. कार्डावरच्या फाइली आणि डिव्हएमएमसीच्या रॉमची आवृत्ती तीच हवी, नाहीतर सुरू होतानाच एरर. मर्यादाही आहे. टॅप फाइल (कॅसेटची डिजिटल प्रत) तो ०५५६ हेक्स या पत्त्यावरच्या रॉमच्या लोडरला अडवून वाचतो. स्पीडलॉकसारखे (कॉपी रोखणारी एक पद्धत) स्वतःचे लोडर असलेले गेम म्हणूनच टॅपमधून लोड होत नाहीत. त्यांच्यासाठी स्नॅपशॉट (मेमरीची जशीच्या तशी साठवलेली प्रत) वापरा किंवा टीझेडएक्स या अधिक तपशीलवार कॅसेट-फाइलचा आवाज फोनमधून ईअर जॅकला द्या. फोनचा इक्वलायझर बंद, व्हॉल्यूम जवळजवळ पूर्ण, आणि सगळ्या सूचना म्यूट. मधेच मेसेजचा टणत्कार वाजला की पाच मिनिटांचं लोडिंग वाया.

कार्ड लावताना किंवा काढताना मशीनची वीज बंदच हवी. एज कनेक्टरवर ५ आणि ९ व्होल्टच्या पट्ट्या शेजारी शेजारी आहेत. कार्ड एका पट्टीने सरकलं की ९ व्होल्ट थेट ५ व्होल्टच्या लाइनवर. कनेक्टरमधली की (कार्ड चुकीच्या जागी बसू न देणारा खुंटा) तुटलेली असेल तर ते कार्ड घेऊ नका.

भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने १९८६ पासून परवान्याखाली विकलेलं डीबी स्पेक्ट्रम प्लस एखाद्या माळ्यावर सापडलं, तर वीज आणि रॅमचे वरचे सल्ले त्यालाही लागू. फक्त प्लसचा मेम्ब्रेन (कीबोर्डच्या बटणांखालचा पातळ पडदा) अनेक थरांचा असतो आणि त्याच्या शेपट्या, म्हणजे बोर्डाला जोडणाऱ्या पट्ट्या, वयाने ठिसूळ होतात. कीबोर्डचं झाकण उचलताना झटका दिलात तर त्या तुटल्याच म्हणून समजा. नवा मेम्ब्रेन मिळतो, तो आधी मागवून ठेवा आणि मगच स्क्रू काढा. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात एज कनेक्टरच्या पट्ट्या काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसा, सँडपेपर चुकूनही लावू नका. मशीन सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवा आणि पुड्या महिन्यातून एकदा तापवून कोरड्या करा.