सर्व्हरचा पत्ता टाकून खेळायचे नऊ महिने: माझा अनुभव

नऊ महिन्यांपूर्वीपर्यंत मल्टिप्लेअर म्हणजे माझ्यासाठी एक बटण होतं. ते दाबलं की गेम आपल्याला कुठल्यातरी सामन्यात नेऊन सोडायचा. सर्व्हर कोणाचा, कुठला, हा प्रश्नच कधी पडला नाही. मग धाकट्या भावाने मित्रांसोबत माइनक्राफ्टचा एक सर्व्हर भाड्याने घेतला आणि मला मेसेज केला, "ताई, हा आयपी टाक आणि ये." खाली फक्त आकडे, टिंबं आणि एक कोलन. आयपी म्हणजे इंटरनेटवरचा मशिनचा पत्ता.

आता मी जवळपास सगळंच असं पत्ता टाकून खेळते. माइनक्राफ्ट रोज, व्हॅलहाइम शनिवार-रविवारी, आणि अलीकडे एक फार जुना गेमसुद्धा, त्याबद्दल शेवटी लिहिते. ही पद्धत मला मनापासून आवडली आहे. पण पहिल्या दोन महिन्यांत जो वेळ गेला तो कोणी नीट समजावलं असतं तर वाचला असता, म्हणून हे सगळं लिहून ठेवतेय.

अगदी पहिला अडथळा मराठी कीबोर्डचा होता. भावाने पत्ता कॉपी न करता फोनवर हाताने टाइप केला होता, आणि आकड्यांनंतर कोलनच्या जागी विसर्ग पडला होता. दिसायला दोन्ही सारखेच, एकावर एक दोन टिंबं. माइनक्राफ्ट सांगत होता ‘अननोन होस्ट’. बरोबरच होतं त्याचं, कारण कोलन नाही म्हटल्यावर त्याने अख्खी ओळ एकच नाव समजून शोधली. पाऊण तास आम्ही दोघं आकडे एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवत होतो आणि प्रत्येक आकडा जुळत होता. शेवटी मी सगळं पुसून इंग्रजी कीबोर्डवर टाइप केलं तेव्हा आत गेले. तेव्हापासून आमच्या गटात नियम आहे की पत्ता कॉपी-पेस्टच करायचा. (इथे मी आकडे देवनागरीत लिहितेय, पण गेममध्ये इंग्रजी आकडेच टाका.)

कोलनच्या पुढचा आकडा म्हणजे पोर्ट. एका मशिनवर तीन-चार सर्व्हर चालू असतील तर तुम्ही कोणाकडे आलात हे पोर्टवरून ठरतं. माइनक्राफ्टच्या जावा आणि बेडरॉक अशा दोन वेगळ्या आवृत्त्या आहेत. जावाचा ठरलेला पोर्ट २५५६५, त्यामुळे तो असेल तर लिहिला नाही तरी चालतं. बेडरॉकचा १९१३२, आणि तिथे पत्ता आणि पोर्ट अशा दोन वेगळ्या चौकटी असतात. जावामध्ये आणखी एक सोय आहे: सर्व्हरला नाव असेल तर डीएनएसमध्ये (नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) एसआरव्ही नावाची नोंद करता येते, आणि मग नुसत्या नावावरून गेम योग्य पोर्ट स्वतः शोधतो. बेडरॉक ही नोंद बघत नाही. म्हणूनच ‘माझ्याकडे नुसत्या नावाने लागतं, तुझ्याकडे का नाही’ हे भांडण आमच्यात दोनदा झालं. एक जण जावावर होता, दुसरा बेडरॉकवर. मुळात हे दोन गेम एकमेकांच्या सर्व्हरवर जातच नाहीत, मालकाने दोन्हींना जोडणारं गीझर नावाच्या प्रोग्रॅमसारखं काही बसवलं असेल तरच जातात. पत्ता मागताना आधी हे विचारा.

व्हॅलहाइमने वेगळ्याच ठिकाणी अडवलं. गेमचा पोर्ट २४५६ आहे, पण स्टीम या गेम चालवणाऱ्या ॲपच्या सर्व्हर यादीत सर्व्हर जोडायचा तर २४५७ टाकावा लागतो, कारण स्टीम सर्व्हरची चौकशी पुढच्या पोर्टवर करतं. मी २४५६ टाकत बसले आणि यादी कोरी. एका आकड्याचा फरक, आणि एक अख्खा रविवार गेला.

सर्व्हर शोधायचा कुठे? माइनक्राफ्टसाठी यादी देणाऱ्या साइट पुष्कळ आहेत. सुरुवातीला मी सगळ्यात वरचे सर्व्हर घेत गेले. हळूहळू कळलं की बऱ्याच याद्यांमध्ये क्रम मतांवर असतो, मत दिलं की सर्व्हर गेममध्ये बक्षीस देतो, आणि काही जागा सरळ पैसे देऊन घेतलेल्या असतात. त्यामुळे वरचा सर्व्हर म्हणजे चांगला सर्व्हर असं अजिबात नाही. हजारो लोक दिसले तरी ते दहा वेगवेगळ्या खेळांत विभागलेले असतात आणि तुम्ही पोचता त्या लॉबीत कोणी कोणाशी बोलत नाही. मला सगळ्यात चांगले भेटलेले दोन्ही सर्व्हर वीस-पंचवीस जणांचे होते आणि दोन्हींचे पत्ते खेळणाऱ्यांकडूनच मिळाले.

आता मी नवा सर्व्हर आठवडाभर नुसता यादीत ठेवते. रोज माझ्या खेळायच्या वेळी यादी उघडते आणि बघते, चालू आहे का, किती जण आहेत. चार दिवस बंद दिसला तर काढून टाकते. घर बांधून झाल्यावर सर्व्हर गायब होण्याचं दुःख मी एकदा सोसलंय. सहा आठवड्यांचं काम होतं, छप्पर तेवढं राहिलं होतं.

यादीत प्रत्येक सर्व्हरपुढे कनेक्शन दाखवणाऱ्या त्या हिरव्या पट्ट्यांवर फार विश्वास ठेवू नका. माइनक्राफ्टमध्ये पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ, १५० मिलिसेकंदांच्या आत असला की पाचही पट्ट्या भरतात. म्हणजे २० चा सर्व्हर आणि १४० चा सर्व्हर सारखेच दिसतात, आणि तलवारबाजीत त्या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कर्सर पट्ट्यांवर नेला की खरा आकडा दिसतो, तो बघा. अंतराला इलाज नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे सर्व्हर ५,००० किलोमीटर लांब असेल तर जाऊन-येऊन ५० मिलिसेकंद नुसत्या अंतराचेच झाले. मात्र तोडलेला दगड पुन्हा जागेवर येत असेल आणि पिंग चांगला असेल, तर दोष अंतराचा नसून बहुतेक सर्व्हर दमलाय. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० वेळा जग पुढे सरकवतो. तेवढं जमेना झालं की सगळ्यांनाच लॅग (खेळ अडखळणं) जाणवतो आणि तुम्ही इंटरनेट कितीही बदललं तरी काही होत नाही.

नऊ महिन्यांत सगळ्यात उपयोगी काय शिकले असेन तर चूक दाखवणारा संदेश शब्दशः वाचणं. पूर्वी लाल अक्षरं दिसली की मी ‘सर्व्हर बंद आहे’ म्हणून गेम मिटायचे. प्रत्यक्षात प्रत्येक संदेश वेगळी गोष्ट सांगतो. ‘अननोन होस्ट’ म्हणजे नावच सापडलं नाही, टायपिंग तपासा. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ आला तर मला आता बरंच वाटतं, कारण याचा अर्थ बहुतेक वेळा असा की मशिन सापडलं, ते जागं आहे, फक्त त्या पोर्टवर कोणी ऐकत नाहीये. एकतर पोर्ट चुकला किंवा सर्व्हर रीस्टार्ट होतोय, दोन मिनिटांनी परत बघायचं. ‘टाइम्ड आउट’ म्हणजे पलीकडून काहीच उत्तर नाही: मशिन बंद, पत्ता बदललेला, किंवा मध्ये फायरवॉल, म्हणजे अनोळखी जोडण्या अडवणारी भिंत. हा सगळ्यात छळतो. ‘आउटडेटेड क्लायंट’ आला तर तुमचं व्हर्जन जुनं, ‘आउटडेटेड सर्व्हर’ आला तर त्यांचं जुनं. या दुसऱ्या बाबतीत लाँचरमध्ये जुनं व्हर्जन निवडून खेळता येतं, सर्व्हरवाल्याच्या नावाने शंख करायची गरज नसते. व्हाइटलिस्टचा, म्हणजे परवानगी असलेल्या नावांच्या यादीचा, संदेश आला तर पत्ता शंभर टक्के बरोबर आहे, फक्त मालकाला तुमचं नाव घालायला सांगा.

पाचव्या महिन्यात भाड्याचा सर्व्हर सोडला आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर आमचा स्वतःचा चालू केला. माझ्याकडे लगेच चालला. मी मैत्रिणीला पत्ता पाठवला, १९२.१६८.१.७. तिला ‘टाइम्ड आउट’. अर्थातच, कारण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात चालतात, तिच्या घरात त्या पत्त्यावर तिचा टीव्ही असू शकतो. मग राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड केला, म्हणजे बाहेरून त्या पोर्टवर येणारं लॅपटॉपकडे पाठवायला सांगितलं, बाहेरचा पत्ता काढून दिला. तरी ‘टाइम्ड आउट’. फायरवॉल तपासली, लॅपटॉप बदलून पाहिला, राउटर रीसेट केला. तीन रात्री गेल्या. चौथ्या रात्री राउटरच्या पानावर दिसलं की त्याला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होतोय, आणि इंटरनेटवर दिसणारा पत्ता दुसराच आहे. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवण्यासाठी वापरतात. अशा वेळी तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट उघडा, दार कंपनीकडे आहे आणि ते बंदच राहतं. तुम्ही घरी सर्व्हर लावणार असाल तर सगळ्यात आधी हे दोन पत्ते जुळवून बघा. माझ्या तीन रात्रींचं काम दोन मिनिटांत होईल.

उपाय म्हणून आम्ही टेलस्केल नावाचं, लांबची मशिनं एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप वापरलं. सगळ्यांनी ते बसवायचं, मग प्रत्येक मशिनला एक खाजगी पत्ता मिळतो आणि तो टाकून खेळायचं. गंमत म्हणजे तो पत्ताही १०० नेच सुरू होतो, त्यामुळे मैत्रीण म्हणाली, "अगं, हा तर तोच बिघडलेला आयपी!" चार महिने झाले, एकदाही पत्ता बदललेला नाही. नव्या माणसाला आधी ॲप बसवायला सांगावं लागतं, एवढाच त्रास.

टेलस्केलचा आणखी एक फायदा झाला: अनोळखी लोक बाहेरच राहिले. भाड्याच्या सर्व्हरवर व्हाइटलिस्ट लावलेली नव्हती आणि पत्ता आम्ही कुठेही टाकला नव्हता, तरी एका सकाळी तिथे अनोळखी माणूस फिरून गेल्याचं लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदवहीत) दिसलं. आयपीव्ही४ चे, म्हणजे १९२.१६८.१.७ सारख्या पत्त्यांचे, सगळे मिळून ४३० कोटींच्या आसपास पत्ते आहेत आणि ते एकामागून एक ठोठावत बसणारे प्रोग्रॅम आहेत. पत्ता कोणाला सांगितला नाही म्हणजे तो गुपित राहिला, असं समजू नका. व्हाइटलिस्ट पहिल्या दिवशी लावा. आणि दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाताना लक्षात ठेवा की तुमचा आयपी त्याला दिसतो. काही सर्व्हर आत गेल्यावर चॅटमध्ये पासवर्ड ठेवायला सांगतात, तिथे दुसरीकडे कुठेही न वापरलेलाच पासवर्ड द्या.

आता त्या जुन्या गेमबद्दल. माझ्या या उद्योगाची चर्चा ऐकून मामाने कपाटातून एक लांबट वही काढून दिली. क्वेक ३ अरीना हा १९९९ चा गेम तो पूर्वी खेळायचा, आणि वहीत निळ्या शाईने सर्व्हरचे चौदा पत्ते लिहिले होते. काहींपुढे ‘रात्री चांगला’, एकापुढे ‘रेलगन वाले, जपून’ (रेलगन म्हणजे त्या गेममधली एक बंदूक). त्या काळी सर्व्हर शोधायला गेमस्पाय वापरायचे. त्याची सुरुवातच १९९६ मध्ये क्वेकचे सर्व्हर शोधणारं साधन म्हणून झाली होती, आणि ३१ मे २०१४ ला ते बंद झालं. तेव्हा कितीतरी गेमच्या सर्व्हर याद्या एका दिवसात रिकाम्या झाल्या. ज्या गेममध्ये पत्ता थेट टाकता येत होता ते मात्र खेळता येत राहिले. बटणापेक्षा पत्त्यावर माझा इतका जीव का, त्याचं कारण हेच आहे.

क्वेक ३ चा सोर्स कोड २००५ मध्ये खुला झाला, त्यामुळे तो आजच्या मशिनवरही चालतो. आम्ही दोघांनी वहीतले पत्ते एकेक करून टाकले. अकरा नुसते आकड्यांचे होते, त्यातला एकही जिवंत नव्हता. तीन नावांचे होते. नावामागचा आकडा बदलला तरी नाव तेच ठेवता येतं, म्हणून मी ते शेवटी राखून ठेवले होते. पहिलं गेलं, दुसरं गेलं. तिसरं मामानेच गेममधली कन्सोल नावाची टाइप करायची चौकट उघडून टाइप केलं, चष्मा कपाळावर चढवून, एकेक अक्षर वहीशी ताडून. पोर्ट नव्हता लिहिला, गेमने २७९६० स्वतःच धरला. स्क्रीनवर नकाशा उतरायला लागला.

आत तीन जण होते. मी माझ्या मशिनवरून मागोमाग गेले, पिंग ८८. मामा तोवर काळ्या आकाशात तरंगणाऱ्या त्या फळ्यांवर उभा होता. "थांब," तो म्हणाला, "रेलगन कुठे ठेवलेली असते ते मला माहितीये."