सीएनसीवर कापायला दिलेलं मरीन प्लाय असं बदललं जातं

आपण दुकानात जाऊन ७१० नंबरचं, म्हणजे पाण्यात टिकणारं मरीन प्लाय निवडून घेतो, पक्कं बिल करतो, कापायला सीएनसीवाल्याकडे (कॉम्प्युटरच्या फाइलवरून भाग कापणाऱ्या मशीनवाल्याकडे) टाकतो आणि घरी आलेले भाग त्याच प्लायचे आहेत असं धरून चालतो. आमच्या बाबतीत ते तसे नव्हते. ही चलाखी उघडकीला यायला एरवी दोन-तीन पावसाळे जातात, तोवर बिलही सापडत नाही, म्हणून जरा तपशिलात लिहितो.

२०२४च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी बडोद्यात शिरलं, तेव्हा आमच्या तळमजल्यावरही आलं. (मगरींचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील, आमच्याकडे मगर आली नाही, चिखल मात्र भरपूर आला.) आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट धुतलं, सावलीत वाळवलं, आणि ते पुन्हा जागेवर उभं राहिलं. पार्टिकल बोर्डाची नवी कपाटं फुगून अशी भसकली की हाताने तुकडे निघत होते. आज तेवढं सागवान घेणं आमच्या आवाक्यातलं नाही. तेव्हा ओट्याखालची कपाटं आणि पुस्तकांचं कपाट मरीन प्लायमध्ये करायचं, नकाशे मी काढायचे, कापून बाहेरून घ्यायचं आणि जोडणी घरी करायची, असं ठरलं.

प्लायच्या प्रतींबद्दल थोडं सांगतो, कारण खेळ सगळा तिथेच आहे. आयएस ३०३ या मानकाखाली साधं एमआर (मॉइश्चर रेझिस्टंट) प्लाय येतं. त्यात सहसा युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक असतो. तो हवेतला ओलावा सोसतो, साचलेलं पाणी सोसत नाही. आयएस ७१० म्हणजे मरीन. त्याचा डिंक फिनॉल फॉर्मल्डिहाइडचा असतो, आणि नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला तरी थर सुटता कामा नयेत अशी त्याची चाचणी आहे. दोन्ही शीटं ८ बाय ४ फुटांची, दोन्ही १८ मिमीची म्हणून विकली जातात, आणि वरून वीनिअर, म्हणजे शोभेच्या लाकडाचा पातळ थर, लावलं की नवख्याला फरक कळत नाही. भावात मात्र जवळपास दुपटीचा फरक. मी ७१० घेतलं ते ११५ रुपये फूट, म्हणजे शीटला ३,६८० रुपये. त्याच दुकानात एमआर ६० रुपयांना होतं.

नकाशे काढताना मी एक गोष्ट केली, आणि पुढे तीच उपयोगी पडली. १८ मिमीचं शीट क्वचितच बरोबर १८ भरतं. खाचेत फळी घट्ट बसायला हवी तर खाच छापलेल्या आकड्याची ठेवून चालत नाही. प्लाय घरी येताच मी प्रत्येक शीट कडेकडेने व्हर्निअरने (जाडी बारकाईने मोजायच्या साधनाने) मोजलं. १७.५ ते १७.७ मिमी भरलं. आकडे शीटच्या कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिले, फोटो काढले आणि नकाशात खाच १७.८ची ठेवली. मशीनचा ६ मिमीचा बिट, म्हणजे फिरणारं पातं, आतला कोपरा काटकोनात कापू शकत नाही, तिथे ३ मिमीची गोलाई राहते. म्हणून खाचेच्या कोपऱ्यांत बिट थोडा पुढे जाऊन भोक पाडेल अशी सोयही केली. ज्याने नोकरीभर ड्रॉइंग बोर्डावर मान मोडली आहे, त्याला हे करण्यात मजाच येते.

आता सीएनसीचा दुकानदार. नाव लिहीत नाही, तक्रार चालू आहे. माणूस अतिशय गोड बोलणारा, मला पहिल्या भेटीपासून काका म्हणायला लागला. फाइल पाहून म्हणाला, नऊ शीटं लागतील. माझ्या सगळ्या भागांचं क्षेत्रफळ १६.४ चौरस मीटर होतं. एक शीट २.४४ गुणिले १.२२, म्हणजे पावणेतीनपेक्षा जास्त, जवळजवळ २.९८ चौरस मीटर. नऊ शीटं म्हणजे जेमतेम ६१ टक्के माल वापरात येणार. कपाटाचे चौकोनी भाग नीट मांडले तर ८० टक्क्यांच्या वर सहज जातं; सातात काम व्हायला हवं. मी तसं म्हटलं. तो म्हणाला, तसं नाही काका, वीनिअरच्या रेघांचा मेळ बघावा लागतो, कडेला पट्टी सोडावी लागते, बिटची जाडी जाते. यातली प्रत्येक गोष्ट खरी आहे, म्हणूनच वाद घालता येत नाही. मांडणीची फाइल दाखवा म्हटलं, तर ती मशीनच्या कॉम्प्युटरवरच आहे म्हणाला.

मग त्याने स्वतःहून एक देणगी दिली: एज बँडिंग फुकट. "तमे चिंता ना करो काका, बधुं तैयार करीने मोकलीश." (काळजी करू नका, सगळं तयार करून पाठवीन.) कडेला पट्टी चिकटवून भाग घरी येणार म्हटल्यावर सौ. खूश, मुलगा खूश. बडोद्यात कुणी काही फुकट देतं म्हटल्यावर मला तेव्हाच विचारायला हवं होतं असं आमचे शेजारी आता म्हणतात. शेजाऱ्यांना नंतर सगळं आधीच कळलेलं असतं.

भाग आले, दिसायला सुरेख. पहिली फळी खाचेत घातली आणि ती दात हलावा तशी हलली. वाटलं, खाच मोठी कापली गेली. व्हर्निअर लावला तर खाच १७.८, बरोबर नकाशाप्रमाणे. मशीनने आपलं काम चोख केलं होतं. फळी मोजली: १६.८. दुसरी, तिसरी, सगळ्याच १६.८ ते १६.९च्या आसपास. माझ्या नऊ शीटांपैकी एकही एवढं पातळ नव्हतं.

पुढचं काम बॅटरी घेऊन केलं. कडा पट्टीखाली झाकलेल्या होत्या, पण दारांमध्ये बिजागरीच्या कपासाठी ३५ मिमीची भोकं होती, आणि तिथे कुणी पट्टी लावत नाही. फिनॉलच्या डिंकाची रेघ थरांच्या मधे गडद तपकिरी दिसते. माझ्या भोकांत ती फिकट होती, जवळपास लाकडाच्याच रंगाची. काही कारखाने साध्या डिंकात रंग मिसळतात, त्यामुळे गडद रेघ दिसली म्हणून निश्चिंत होऊ नये. पण फिकट दिसली तर शंकेला फारशी जागा उरत नाही. शिवाय प्रत्येक शीटवर आयएसआयचा शिक्का होता, वर मानकाचा नंबर आणि खाली सीएम/एलने सुरू होणारा परवाना क्रमांक. एवढ्या भागांपैकी एकावरही त्या शिक्क्याचा किंवा माझ्या पेन्सिलीचा तुकडा नव्हता.

शेवटी उकळून पाहिलं. प्लाय निवडताना प्लायच्या दुकानाने नमुन्याचा तुकडा दिला होता, तो आणि एका फळीचा कोपरा, दोन्ही एका पातेल्यात गच्चीवर उकळत ठेवले. (पातेलं टाकाऊच घ्या, आणि वाफ तोंडावर घेऊ नका, डोळे झोंबतात.) संध्याकाळपर्यंत फळीच्या कोपऱ्याचे थर पत्त्यांसारखे सुटे झाले होते. नमुन्याचा तुकडा फक्त काळवंडला.

सीएनसीच्या दुकानदाराकडे दोन्ही तुकडे घेऊन गेलो. त्याने सांगितलं, प्लाय तुम्हीच आणलंत, मी फक्त कापलं, जाडीत फॅक्टरीतूनच फरक येतो. उरलेले तुकडे आणि कापलेल्या शीटांचे सांगाडे मागितले, तर ते भट्टीवाल्याला गेले म्हणाला. दोन पूर्ण शीटं तरी उरली असतील की, म्हटलं, तर नऊच्या नऊ लागली. हिशेब असा आहे: माझी ३३,१२० रुपयांची नऊ शीटं त्याच्याकडे राहिली, त्यांच्या जागी त्याने सात एमआर वापरली असतील तर ती १३,४४० रुपयांची. वर कटिंगची मजुरी माझ्याकडून घेतली. फुकटची पट्टी त्यात कितीशी?

वाटाघाटीत तो मजुरी परत द्यायला तयार झाला, एका कागदावर 'तक्रार नाही' असं लिहून मागत होता. सही केली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरवर तक्रार नोंदवली, नंतर वकिलाची नोटीस, आणि आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही. पोलिसांतही अर्ज दिला आहे, कारण विश्वासाने सोपवलेला माल लबाडीने स्वतः वापरणं हा भारतीय न्याय संहितेच्या ३१६ कलमाखालचा गुन्हा आहे. आयोगासाठी सगळ्यात कामाला आलेली गोष्ट म्हणजे टेम्पोवाल्याचं चलन (माल पोचवल्याची पावती): त्यावर नऊ शीटं, मरीन, ७१० असं लिहून सीएनसीच्या दुकानातल्या माणसाची सही आहे. सही त्याने कंटाळत केली होती.

नवीन कटिंग दुसरीकडे करतोय. तिथे देण्याआधी प्रत्येक शीटच्या दोन्ही अंगांवर जाड मार्करने तिरप्या रेघा मारल्या, इतक्या दाट की लहानात लहान भागावरही एक तरी रेघ यावी. भाग जोडून ठेवले की रेघा जुळतात. मांडणीची फाइल आधी मागितली, ती त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. सहा शीटं आणि सातव्याचा अर्धा. पट्टी मी घरी इस्त्रीने लावणार आहे, आणि सांगाडे परत मिळतील असं चलनावर लिहून घेतलं आहे. शिक्क्यावरचा परवाना क्रमांक बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) केअर अ‍ॅपवर तपासता येतो, तेही केलं.

ज्यांनी गेल्या वर्ष-दीड वर्षात स्वतःचं प्लाय देऊन बाहेर कापून घेतलंय, त्यांनी एका दाराची बिजागरी उघडून भोकात बॅटरी मारून पाहावी. रेघा फिकट असतील तर बिल, चलन आणि फोटो आजच एका पाकिटात घालून ठेवा. आयोगाकडे जायला कायद्याने दोन वर्षांची मुदत आहे.